पुढच्या चाकाचा जाम ब्रेक

पावसाळ्यांत मळ्याच्या वाटेनें मोटारसायकल नेणाऱ्या शेतकरी बंधूंस पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक जाम होण्याचा अनुभव नवा नाहीं. चाक हातानें फिरत नाहीं व डिस्क चटका बसेल इतकी तापते. अशा वेळीं कॅलिपरवर हातोडी मारणें, किंवा तो ब्रेकच मोकळा करून 'मागचा आहे ना' म्हणत बाजारास निघणें, हे दोन्ही उपाय आम्हांस अमान्य आहेत. गेल्या आषाढांत दुसरा उपाय आम्हीं स्वतः केला. उतारावर गाय आडवी आली व आम्ही बांधाखालीं गेलों. त्याची नोंद आमच्या गुडघ्याच्या दप्तरीं अद्याप आहे.

दोष बहुधा किरकोळ असतो. चिखलपाण्यानें सरकत्या पिनांवरील वंगण जातें, अथवा पिस्टनभोंवतीं गंज व मळ धरतो. मग लिव्हर सोडलें तरी पॅड मागें हटत नाहींत. पिना पुसून त्यांस सिलिकोन ग्रीस लावावें. पिस्टन, लिव्हर हळूहळू दाबून, थोडासाच बाहेर आणावा व ब्रेकच्याच तेलानें पुसून आंत लोटावा. येथें रॉकेल, डिझेल वा इंजिनाचें तेल कदापि वापरूं नये. त्यानें रबरी सील फुगतें व दुखणें दुणावतें. पिस्टनास गंजाचे खड्डे पडले असल्यास मात्र मेकॅनिककडेच जावें. तेथें काटकसर नको.

ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषतें, सबब दर दोन वर्षांनीं तें बदलावें. जोडणी झाल्यावर लिव्हर अनेक वेळां दाबावें. तें घट्ट लागेपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढूं नये.