४८ तास थांबायला सांगण्याआधी

वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली, पण काही ग्राहकांना अजून जुनेच पान दिसते, अशी तक्रार आली की आपल्याकडे एक उत्तर तयार असते: ‘डीएनएस प्रोपगेट व्हायला ४८ तास लागतात, थांबा.’ हे उत्तर सपोर्ट डेस्कवरून हद्दपार व्हायला हवे. तुमचा बदल कोणी जगभर पाठवत नसते. रिझॉल्व्हरने पूर्वी मिळवलेले उत्तर टीटीएल संपेपर्यंत त्याच्या कॅशमध्ये राहते, आणि ती उरलेली मुदत ‘डिग’ कमांड सेकंदांत दाखवते.

त्यासाठी आउटपुट पूर्ण वाचावे लागते. ‘+शॉर्ट’ लावून नुसता आयपी पाहिला, तर स्टेटस, ‘एए’ फ्लॅग, टीटीएल, उत्तर देणारा सर्व्हर हे सगळेच गळते. आधी ऑथॉरिटेटिव्ह नेमसर्व्हरला ‘@’ लावून थेट विचारा. तिथून नवा पत्ता आला, तर झोन ठीक आहे. मग ग्राहकाच्या रिझॉल्व्हरला विचारा. तिथे जुन्या पत्त्यासमोर १८०० दिसले, तर ग्राहकाला अर्धा तास सांगा, दोन दिवस नव्हे. ‘एनएक्सडोमेन’ हेही कॅश होते, हे मात्र अनेक जण विसरतात. रेकॉर्ड तयार होण्यापूर्वीच कोणी नाव उघडून पाहिले, तर त्या नकाराची मुदत झोनच्या एसओए रेकॉर्डवरून ठरते.

‘सर्व्हफेल’ दिसले तर अधिक सावध राहा. ३० सप्टेंबर २०२१ रोजी स्लॅकने डीएनएससेक सुरू केले, अडचण येताच डीएस रेकॉर्ड काढून टाकला आणि सह्यांशिवायचा झोन पुढे केला. पण जुना डीएस २४ तासांच्या टीटीएलसह रिझॉल्व्हरांच्या कॅशमध्ये होता. सह्या तपासणारे रिझॉल्व्हर त्यामुळे सर्व्हफेल देऊ लागले. अशा वेळी तीच क्वेरी ‘+सीडी’ लावून करावी. उत्तर आले, तर दोष सह्यांच्या पडताळणीत आहे, हे त्याच क्षणी कळते. डीएसचा टीटीएल पॅरेंट झोन ठरवतो, आपण नाही. म्हणून डीएस काढण्याआधी ही तपासणी करायलाच हवी.

डिग हॉस्ट्स फाइल वाचत नाही. डिग नवा पत्ता देते आणि ॲप्लिकेशन जुन्याकडे जाते, असे लिनक्सवर दिसले तर ‘गेटेंट हॉस्ट्स’ चालवून पाहा.

आमचा आग्रह एकच: डीएनएसचे प्रत्येक तिकीट पुढच्या टीमकडे पाठवताना दोन्ही सर्व्हरांची पूर्ण आउटपुट जोडा, तपासणीच्या वेळेसह.