पासवर्ड क्लाउडवर नकोत, पण मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हीकडे हवेत? हे जमतं, पण काम तुमच्याकडे येतं

‘लास्टपास’ या पासवर्ड मॅनेजर कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहकांना एक वाईट बातमी कळवली. ग्राहकांच्या पासवर्डच्या तिजोऱ्यांचा बॅकअप हॅकर्सनी कॉपी करून नेला होता. आतले युजरनेम आणि पासवर्ड एन्क्रिप्टेड होते, म्हणजे मास्टर पासवर्डशिवाय वाचता येणार नव्हते. वेबसाइटचे पत्ते मात्र उघडेच होते. कोणाचं खातं कोणत्या बँकेत आहे आणि कोण क्रिप्टो एक्स्चेंज वापरतं, हे चोरांना कुलूप न तोडताच कळलं.

खरी अडचण पुढे आहे. चोरलेल्या प्रतीवर हवे तितके पासवर्ड लावून बघता येतात, तिथे ‘पाच वेळा चुकलात, खातं बंद’ असा नियम नसतो. नंतर मास्टर पासवर्ड बदलला तरी चोराकडची प्रत जुन्याच पासवर्डने उघडते. त्यामुळे ज्यांचा मास्टर पासवर्ड लांबलचक होता ते बऱ्यापैकी सुरक्षित राहिले. ज्यांनी मुलाचं नाव आणि जन्मवर्ष ठेवलं होतं, त्यांना तिजोरीतला प्रत्येक पासवर्ड बदलत बसण्याशिवाय पर्याय नव्हता.

तेव्हापासून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. आपली तिजोरी कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायचीच कशाला?

क्लाउड नाही, मग सिंक कसं होतं?

या मार्गावरचं सगळ्यात जुनं आणि भरवशाचं नाव म्हणजे ‘कीपास’. २००३ पासून सुरू असलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आणि ओपन सोर्स आहे. तुमचे सगळे पासवर्ड एका एन्क्रिप्टेड फाइलमध्ये राहतात. ही फाइल उघडणारी ॲप्स वेगवेगळ्या लोकांनी बनवली आहेत. कंप्युटरवर कीपासएक्ससी, अँड्रॉइडवर कीपासडीएक्स, आयफोनवर कीपासियम किंवा स्ट्राँगबॉक्स. एक ॲप बंद पडलं तरी फाइल दुसऱ्यात उघडते, हा मोठा फायदा.

पण ही फाइल मोबाइलवरून लॅपटॉपवर न्यायची कशी? त्यासाठी अनेकजण ‘सिंकथिंग’ वापरतात. हे मोफत सॉफ्टवेअर दोन उपकरणांमध्ये थेट फाइल पाठवतं, मध्ये कुठेही तिची प्रत साठवून ठेवत नाही. दोन्ही उपकरणं घरच्या एकाच वायफायवर असली की काम पटकन होतं.

अट एकच. दोन्ही उपकरणं एकाच वेळी सुरू पाहिजेत. रात्री मोबाइलवर बँकेचा पासवर्ड बदलला आणि लॅपटॉप बंद असेल, तर लॅपटॉपकडे जुनाच पासवर्ड राहतो. त्याच लॅपटॉपवर सकाळी इंटरनेट नसताना तुम्ही दुसरी एखादी नोंद बदललीत, तर एका तिजोरीच्या दोन आवृत्त्या तयार होतात. अशा वेळी सिंकथिंग दुसरी फाइल वेगळी ठेवतं आणि तिच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असं लिहितं. ही फाइल कचरा समजून डिलीट करू नका. कीपासएक्ससीमध्ये दोन्ही फाइल एकत्र करण्याची सोय आहे, ती वापरली की दोन्हीकडचे बदल टिकतात.

तुमच्याकडे फोन कोणता आहे?

निवड बरीचशी इथेच ठरते. आयफोनवर ॲप्सना पडद्यामागे सतत चालू राहायची मुभा नसते, त्यामुळे सिंकथिंगसारखी पद्धत तिथे अडखळते. अँड्रॉइडवर ती नीट चालते, पण तिथेही एक धक्का बसला. सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड ॲप २०२४ च्या अखेरीस बंद झालं. त्यावरूनच बनवलेली वेगळी आवृत्ती स्वयंसेवक चालवतात. मोफत सॉफ्टवेअरचा हा धोका लक्षात ठेवून निवड केलेली बरी.

एवढी जुळवाजुळव नको असेल, तर ‘एनपास’ हा सोपा पर्याय आहे. गुरुग्रामच्या कंपनीचं हे ॲप घरच्या वायफायवरून कंप्युटर आणि फोन सिंक करतं. मात्र ते ओपन सोर्स नाही. त्यामुळे आत काय चालतं, यासाठी कंपनीच्या शब्दावर विसंबावं लागतं.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. मोबाइलवर चुकून फाइल डिलीट झाली, तर सिंक तेच काम इमानेइतबारे लॅपटॉपवरही करतं. म्हणून तिजोरीची एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी हवी आणि ती अधूनमधून ताजी करायला हवी. ती एकदा दुसऱ्या कंप्युटरवर उघडूनही पाहा. मास्टर पासवर्ड विसरलात तर ‘फरगॉट पासवर्ड’चं बटण नाही, कस्टमर केअर नाही. तो कागदावर लिहून घरात महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवणं यात काहीही गैर नाही. ते व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

हे सगळं दर महिन्याला जमणार नाही असं वाटत असेल, तर क्लाउडवाला चांगला पासवर्ड मॅनेजर आणि चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब मास्टर पासवर्ड हाच जास्त सुरक्षित पर्याय आहे. आईवडिलांच्या फोनवर तर बहुतेक वेळा हाच बरा. फोन हरवल्यावर पेन ड्राइव्ह शोधत बसणं त्यांच्याकडून होणार नाही.

कीपासकडे वळायचं ठरलंच, तर एक काम बहुतेकांचं राहून जातं. क्रोममधले पासवर्ड बाहेर काढताना एक साधी फाइल तयार होते. तिला कुलूप नसतं, कोणीही उघडून सगळे पासवर्ड वाचू शकतं. पासवर्ड नव्या तिजोरीत आले की ती फाइल डाउनलोड्समधून काढा आणि रीसायकल बिनसुद्धा रिकामी करा.