वयात येणे आणि जातीत असणे

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ला (२०१३) कोवळ्या प्रेमाची वैश्विक कथा म्हणून गौरवणारी समीक्षा नेमका प्रश्न टाळते. शेन मेडोज यांच्या ‘धिस इज इंग्लंड’शी (२००६) तुलना केली की ही टाळाटाळ उघडी पडते. फॉकलंडच्या युद्धात बाप गमावलेला बारा वर्षांचा शॉन १९८३ साली डोके भादरून स्किनहेड टोळीत शिरतो. कॉम्बोने कृष्णवर्णीय मिल्कीला केलेली अमानुष मारहाण पाहिल्यावर तो इंग्लंडचा झेंडा समुद्रात भिरकावतो. टोळी निवडता येते, म्हणूनच ती सोडताही येते.

जब्याने काय भिरकवावे? काळ्या चिमणीची राख आणि जीन्सची पँट, एवढीच त्याची ‘उपसंस्कृती’. डुकरामागे धावणारे कैकाडी कुटुंब राष्ट्रगीत सुरू होताच ताठ उभे राहते; डुक्कर मात्र चालतच राहते. (हसू येते, हे कबूल केले पाहिजे.) मारलेले डुक्कर भिंतीवरच्या फुले-आंबेडकरांसमोरून नेले जाते. येथे एकटा कॉम्बो नाही. मजा पाहणारा अख्खा गाव आहे, आणि त्यात शालूही हसते.

शेवटचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. त्याला ‘प्रतीक’ म्हणून चुकवणाऱ्या समीक्षकांनी, आपण त्या गर्दीत कोठे उभे होतो, ते आधी सांगावे.