घामाचा पंचनामा

‘फुंक रे.’

आमच्या वस्तीत पोलिसाचा पहिला शब्द हा. नाव-गाव मागाहून. जात तर त्यानं फुंकायला सांगण्याआधीच हुंगलेली असते.

मित्रहो, हे संपादकीय पायातल्या एका कड्यावर आहे. अमेरिकेत २००३ पासून ते वापरात आहे, ‘स्क्रॅम’ म्हणतात. कोर्टाच्या हुकमानं आरोपीच्या घोट्याला बांधतात. दर अर्ध्या तासाला ते कातडीवरचा घाम हुंगतं, दारूचा अंश आहे का बघतं, आणि ती नोंद कंपनीमार्फत कोर्टाच्या माणसाकडे जाते. गुन्हा अजून शाबित व्हायचाय, कडं मात्र आधीच पायात. वर कित्येक ठिकाणी त्याचं रोजचं भाडं आरोपीनंच भरायचं. पेशवाईत थुंकीसाठी गळ्यात मडकं होतं. आता घामासाठी पायात कडं, आणि मडक्याचे पैसेही आपणच द्यायचे!

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं गाऱ्हाणं औरंगाबादेत कशाला? तर जागा दाखवणारं कडं आपल्याकडे आलंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मूच्या विशेष कोर्टानं जामिनावर सोडलेल्या आरोपीच्या पायात ते बांधायला लावलं. त्याच वर्षी दिल्लीनं राज्यांना नमुना तुरुंग कायदा धाडला. त्यात कैद्याला रजेवर जायचंय तर कडं घालायची तयारी दाखव, अशी सोय आहे. आज पाय कुठं गेला ते विचारतात, उद्या घाम कसला आला ते विचारतील. आमच्यातल्या पारधी, कैकाडी भावांना यात नवं काही वाटायचं नाही. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, चौकीवर हजेरी लावली. १९५२ साली तो कायदा गेला. हजेरीची सवय गेली का, ते त्यांनाच विचारा.

आता खरं बोलतो. यंत्राचा मला राग नाही. पोलिसाच्या नाकापेक्षा यंत्र परवडलं. १९७१ साली बचुभाई करयानी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय: तोंडाला वास आला, तोल गेला, जीभ अडखळली, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, एवढ्यावर माणूस प्यालाच होता हे पक्कं होत नाही, रक्त तपासलं पाहिजे. चांगलं सांगितलं. पण रक्त कुणाच्या हातात? १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरात पोर्शे गाडीखाली दोन जीव गेले. बड्या बापाच्या पोराला त्याच दिवशी जामीन, अट काय तर तीनशे शब्दांचा निबंध. नंतर पोलिसांनीच सांगितलं की ससूनमध्ये रक्ताचा नमुनाच बदलला. डॉक्टरांना अटक झाली. बाटलीतलं रक्त बदलता येतं, तर यंत्रातला आकडा काय, सोन्याचा लागून गेलाय?

आणि तरी एक गोष्ट मला झोपू देत नाही. जामीन मंजूर होऊन जामीनदार नाही म्हणून आत बसलेल्या पोराला विचारलं, कडं घालशील? तो म्हणेल, दोन्ही पायात घाला, पण सोडा. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारात तीन! १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याकडे कनिष्ठ कोर्टानं दहा हजारांचा जामीन मागितला, त्याच्या भावाची जामीनकी दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारली. सुप्रीम कोर्टानं रक्कम हजारावर आणली. त्याला सत्तेचाळीसच्या वर वर्षं झाली, जामीनदाराची वणवण तीच. अशा पोराची ‘मंजुरी’ म्हणजे उपाशी माणसानं शिळ्या भाकरीला दिलेली मंजुरी. तिच्यावर अंगठा घेऊन कोर्टानं हात झटकू नयेत.

मी गोदीत माल उतरवतो. कधी थिनरचा पिंप फुटतो, कपडे भिजतात, दिवसभर अंगाला वास. स्पिरिट असलेली वस्तू कड्याजवळ नेऊ नका, असं ते कडं घालणाऱ्याला बजावतात. मग वाळूजच्या बिअर कारखान्यातल्या, रंगकामावरच्या कामगारानं काय करायचं? नोकरी सोडायची की जामीन? दारूचं कौतुक मला नाही, बाटलीनं आमची किती घरं बसवली ते आया जाणतात, म्हणून तर त्या मतदान करून बाटली आडवी करतात. पण एप्रिल २०१६ आठवा. लातूरला आगगाडीनं पाणी आणत होते, आणि इथल्या दारू कारखान्यांचं पाणी कापायला औरंगाबाद खंडपीठाला हुकूम काढावा लागला. कारखान्याच्या नळाला कोणी कडं घातलं होतं?

ब्रिटनमध्येही हे कडं आहे, वेल्समध्ये २०२० पासून, इंग्लंडात २०२१ पासून. तिथल्या या शिक्षेत गुन्हा शाबित झाल्यावर घालतात, जास्तीत जास्त १२० दिवस, आणि दारूचं व्यसन जडलेल्याला घालता येत नाही. का? रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर त्याला झटके येतात, जीव जातो. त्याला दवाखाना लागतो. आमच्याकडे त्यालाच आधी धरतील.

८ जुलै २०२४ ला न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी निकाल दिला की, आरोपीच्या हालचालीवर पोलिसाला सतत डोळा ठेवता येईल अशी जामिनाची अट घालता येत नाही. मोबाइलवरच्या जागेची खूण होती तिथं. घाम तर मोबाइलपेक्षा जवळचा, तो कातडीतून येतो. म्हणून कुठल्याही कोर्टात असलं कडं मागितलं गेलं तर वकील मित्रांनी हाच निकाल पुढे करावा. तरीही बांधलंच, तर भाडं सरकारनं भरावं, नुसत्या आकड्यावर अटक होऊ नये, आधी रक्त तपासावं आणि नमुन्याचा अर्धा भाग आरोपीला मिळावा. आणि यंत्राची नोंद पोलिसाच्या टेबलावर जायच्या आधी आरोपीच्या वकिलाच्या हातात पडावी.