कुंपणालगत एक बोर लावा

पाऊस सुरू झाला की तळोज्याच्या नव्या सोसायट्यांत झाडं लावायची लगबग होते. भरावाच्या मुरमात गुलमोहर, सोनमोहर लागतात आणि पुढच्या मे महिन्यात टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नाही, तेव्हा बरीच रोपं वाळून जातात. यंदा कुंपणालगत एक तरी बोर लावा, अशी माझी सगळ्यांना विनंती आहे.

बोरीचं पान वरून हिरवं, पाठीकडून रुपेरी असतं. पाठीवरच्या त्या लवेमुळे पानातलं पाणी कमी उडतं. सोटमूळ खोल जातं. ऐन उन्हाळ्यात झाड पानं गाळून स्वस्थ बसतं, म्हणून मोठ्या बोरीला मे महिन्यात पाणी द्यावं लागत नाही. सोलापूर-नगरकडच्या हलक्या जमिनींत तिच्या बागा उभ्या राहिल्या त्या याच गुणांवर. आपल्याकडच्या दमट हवेत तिकडच्याइतकं पीक येणार नाही, पण घरापुरती बोरं नक्की मिळतील.

पिशवीतलं मोठं रोप आणू नका. त्याचं सोटमूळ पिशवीतच वळलेलं असतं. गावठी बोराच्या अठळ्या मिठाच्या दाट पाण्यात टाका, तरंगतील त्या फेकून द्या. बुडालेल्या धुऊन घ्या, कवच हलक्या हाताने तडकवा आणि जूनमध्ये कायमच्या जागीच दोन-तीन बिया पेरा. जोमदार रोप ठेवून बाकीची काढा. पहिला उन्हाळा मात्र आठवड्याला पाणी द्यायलाच हवं. खोड पेन्सिलीएवढं झालं की जाणत्या माळ्याकडून उमराण किंवा मेहरूण जातीचा डोळा भरून घ्या. डोळ्याच्या खालून फूट आली की लगेच मोडा. ती राहिली तर गावठी फांदी जोर धरते, भरलेला डोळा मरतो आणि चांगल्या बोराची वाट पाहणं फुकट जातं.

छाटणीत कुचराई करू नका. बोरीला फळ धरतं ते त्या वर्षीच्या नव्या फुटीवर. छाटलं नाही तर झाडाचं जाळं होतं, बोरं बारीक पडतात आणि काटे वाटेत येतात. एप्रिलअखेर, पानं गळल्यावर, गेल्या वर्षीच्या फांद्या आखूड करा. रोगट आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या मुळापासून काढा. मोठी फांदी उतरवायची असेल तर आधी पनवेल महानगरपालिकेच्या उद्यान विभागात विचारा.

काट्यांची भीती खरी आहे. म्हणून खेळायच्या जागेपासून आणि पायवाटेपासून झाड लांब ठेवा, खालच्या फांद्या उचलून घ्या. विजेच्या तारांखालीही नको.

जागा निवडताना आणखी एक पाहा. ऑगस्ट 2017मध्ये तळोज्यात निळे पडलेले कुत्रे साऱ्या देशाने पाहिले. कारखान्यातल्या रंगाचं सांडपाणी कासाडी नदीत जात होतं, त्याचाच तो परिणाम. कारखान्याचं पाणी येणाऱ्या नाल्याच्या काठी खायच्या फळाचं झाड लावू नका. इतरत्रही बोरं नीट धुऊनच मुलांच्या हातात द्या, धूळ इथे पुष्कळ आहे.

फुलोऱ्यानंतर पानाफळांवर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक, 10 लिटरला 20 ग्रॅम, फवारा. फळमाशीवर खरा उपाय म्हणजे किडकी, पडलेली बोरं रोज वेचून नष्ट करणं आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती उकरणं, कारण तिचे कोष त्या मातीतच दडलेले असतात. हे काम सोसायटीतल्या दोन-चार घरांनी वाटून घ्यावं.

संक्रांतीला बोरन्हाणासाठी बाजारातून बोरं आणाल, तेव्हा विकणाऱ्या मावशींकडे गावठी बोरं वेगळी मागा. खाऊन झाल्यावर अठळ्या धुवा, सावलीत वाळवा आणि कागदी पिशवीत जूनपर्यंत जपून ठेवा.