खोकं फोडा!

(राजकारणातल्या खोक्यांबद्दल काही चमचमीत वाचायला मिळेल म्हणून आला असाल तर सॉरी. ही खेळण्यांची खोकी आहेत.)

तर मंडळी, आमचा प्रोजेक्ट तेव्हा ॲटलांटाला होता. टीममधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने सांगितलं की शनिवारी गावाबाहेरच्या हॉटेलात ॲक्शन फिगर जमवणाऱ्यांचा आणि त्या फिगर्स स्वतः बदलून रंगवणाऱ्यांचा, म्हणजे कस्टमायझर लोकांचा, मेळावा आहे. लेक आठ वर्षांचा. म्हटलं चला, एक वीकएंड तरी मॉल सोडून कुठेतरी.

हॉलमध्ये शिरलो आणि पहिली पाच मिनिटं मीच आठ वर्षांचा झालो. जी. आय. जो, ही-मॅन, स्टार वॉर्स, ट्रान्सफॉर्मर्स, सगळी फौज हजर! पण जरा पुढे गेल्यावर खटकायला लागलं. अख्ख्या हॉलच्या तीन बाजूंना खेळणी होती आणि एकही मूल खेळत नव्हतं. सगळी खेळणी पुठ्ठ्यावर, प्लॅस्टिकच्या फुग्यात बंद. काही तर त्याच्याही वर जाड ॲक्रिलिकच्या पेटीत, आणि पेटीवर मार्कांची चिठ्ठी. हो, मार्क! एएफए नावाची संस्था खेळणं तपासते आणि शंभरपैकी मार्क देऊन पेटीत सील करते. पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला की मार्क गेले. जन्मभर आपण मार्कांमागे धावलो, आता बाहुल्याही धावणार.

माणसं काय बोलत होती ते ऐकलं. 'याची किंमत काय होईल', 'तो मागच्या वर्षी कितीला गेला'. थेट शेअर बाजारातल्या गप्पा. यात पैसा आहे हे मी नाकारत नाही. 1979 साली केनर कंपनी बोबा फेटची रॉकेट सोडणारी फिगर काढणार होती, पण ते रॉकेट मुलांच्या घशात अडकेल या भीतीने ती बाजारात आलीच नाही. तिचा एक नमुना 2024 साली लिलावात सव्वापाच लाख डॉलरला गेला. म्हणजे ज्या खेळण्याशी एकही मूल कधी खेळलं नाही त्याला सगळ्यात जास्त भाव! याच केनरने 1977 च्या ख्रिसमसला फिगर्स तयार नव्हत्या म्हणून पुठ्ठ्याच्या पाकिटात नुसतं सर्टिफिकेट विकलं होतं, खेळणी नंतर पोस्टाने. त्या मुलांना निदान पुढच्या वर्षी खेळायला तरी मिळालं. आजच्या या शौकिनांना पाकीटच पुरतं.

असो. चिडचिड करत फिरत असताना एका टेबलावर पाय थबकले. पुठ्ठ्यावर 'फनस्कूल' लिहिलेलं!

ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून काढलेली, गोव्यात कारखाना असलेली फनस्कूल. अमेरिकन साचे आणायचे आणि आपल्याला हवे ते रंग मारायचे. जो सैनिक अमेरिकेत खाकी, तो आपल्याकडे भलत्याच भडक कपड्यांत. आम्हाला वाटायचं तोच खरा. अमेरिकेतले जमवणारे आज हे आपले 'चुकीचे' रंग मुद्दाम शोधत फिरतात. म्हणजे बघा, फनस्कूलवाले स्वतःच कस्टमायझर होते की!

विक्रेत्याने नव्वद डॉलर सांगितले. मी दिले. (बायकोला आकडा वेगळा सांगितलाय. ती हे वाचत नाही, अशी आशा आहे.)

लेकाने ते पुठ्ठ्याचं पाकीट हातात घेतलं आणि विचारलं, "बाबा, उघडू?"

आणि माझ्या तोंडून काय निघालं? "नको रे, खराब होईल."

हे वाक्य माझं नव्हतं, आमच्या आईचं होतं. आमच्या हॉलमध्ये काचेचं शोकेस होतं. त्यात मामाने दुबईहून आणलेली गाडी, चिनी मातीचे कप आणि माझा वाढदिवसाला मिळालेला ही-मॅन. पाहुणे आले की तो बघायचे. मी पण बघायचो. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, सोफ्याला प्लॅस्टिक, नवीन चादरी दिवाळीसाठी आणि दिवाळीत पाहुण्यांसाठी. आईचं बरोबर होतं, कारण एकदा मोडलं की दुसरं येणार नव्हतं. पण मी? चांगला पगार घेणारा माणूस कुठल्या टंचाईला घाबरत होतो?

तेवढ्यात हॉलच्या चौथ्या बाजूला लक्ष गेलं. तिथे कस्टमायझर बसले होते आणि सगळा आवाज, हशा तिकडूनच येत होता. टेबलांखाली टोपल्या भरून तुटके हात, पाय, धडं. या भंगाराला ते 'फॉडर' म्हणतात, म्हणजे चारा! कुणी सहा इंची फिगर थर्मासमधल्या गरम पाण्यात बुडवून मऊ झालेलं डोकं उपटत होता, कुणी इपॉक्सी पुट्टीने दाढी चढवत होती. सांध्यात रंग घासून निघतो म्हणून आधी आतून पॉलिश पेपर मारायचा, मग ॲक्रिलिकचे पातळ थर द्यायचे, एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. आपल्या कोड रिव्ह्यूला एवढी चिकाटी असती तर रात्रीचे फोन बंद झाले असते.

त्यातल्या एका पन्नाशीच्या माणसाने माझ्या हातातलं पाकीट बघितलं आणि म्हणाला, "आतला रबर मेलेला असणार."

जी. आय. जो चं 1982 पासूनचं पावणेचार इंची डिझाइन भारी आहे. पाठीत एक स्क्रू, आणि कंबर-पाय धडाला धरून ठेवणारं एक साधं रबरी रिंग. स्क्रू काढला की डोकं, हात, सगळं सुटं. रबर मात्र वर्षांनुवर्षांत सुकतं, तडकतं. खोक्यात असो की बाहेर. म्हणजे त्या ॲक्रिलिकच्या पेटीतला ऐंशी-नव्वद मार्कांचा सैनिक आतून कंबरेत कधीच मोडलेला असू शकतो, आणि पेटी न फोडता त्याला दुरुस्त करायची सोय नाही. हे म्हणजे कधीच प्रॉडक्शनला न गेलेला कोड 'एकही बग नाही' म्हणून मिरवण्यासारखं.

आता कोणी म्हणेल, सगळेच फोडत बसले तर इतिहास कोण जपणार? मुद्दा बरोबर आहे. नमुने, पहिल्या आवृत्त्या जरूर जपा, त्यासाठी संग्रहालयं आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या खेळण्यांच्या संग्रहालयात जी. आय. जो ला 2004 सालीच मानाचं पान मिळालंय. पण लाखोंनी निघालेल्या खेळण्याचा प्रत्येक नग घरोघरी कोंडून ठेवणं म्हणजे इतिहास जपणं नव्हे, साठेबाजी. शिवाय पुठ्ठ्यामागे सैनिकाची माहिती छापलेली असायची. लॅरी हामा या कॉमिक्स लेखकाने ती लिहायला घेतली, आणि ती कात्रीने कापून घ्यायची असायची. कंपनीच सांगतेय की बाबांनो कापा!

मला वाटतं खरी गोची लाजेची आहे. 1964 साली मुलगे 'बाहुली' घेणार नाहीत म्हणून हॅस्ब्रोने 'ॲक्शन फिगर' हा शब्द काढला. 2003 साली अमेरिकन व्यापार न्यायालयाने एक्स-मेनच्या फिगर्स बाहुल्या नसून खेळणी आहेत असा निकाल दिला. खटला कशासाठी, तर बाहुल्यांवर आयात कर जास्त होता म्हणून. आता मोठ्या बाप्यांना 'खेळणं' म्हणायची लाज वाटते, म्हणून 'इन्व्हेस्टमेंट' म्हणायचं. अरे, आवडतं तर आवडतं म्हणा ना! कस्टमायझर मंडळी ही लाज कधीच सोडून बसलीत, म्हणून ती हसत होती.

मी पाकीट लेकाच्या हातात दिलं. फाडल्याचा आवाज आला तेव्हा मागचा एक विक्रेता खरंच कळवळला. लेकाने जो चे पाय फिरवले आणि टक्! पाय एका हातात, धड दुसऱ्या. लेकाचा चेहरा रडवेला. त्या माणसाने शांतपणे छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला, डबीतून नवीन काळं रिंग शोधलं आणि लेकालाच बसवायला लावलं. चौथ्या प्रयत्नात बसलं. पैसे विचारले तर हात हलवला.

परतताना मागच्या सीटवर लढाई जुंपली होती. पुठ्ठा तरी जपून ठेवावा असं माझ्या मनात होतं, पण लेकाने तो मधोमध दुमडून जो साठी तंबू केला होता.