आधी कागद तरी आणा

संगणकाला संगीताचे नोटेशन वाचायला शिकवण्याचा उद्योग नवा नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत डेनिस प्रुस्लिन यांनी १९६६ मध्येच त्यावर प्रबंध लिहिला होता. छापील नोटेशन संगणक आता बऱ्यापैकी वाचतो. हाताने लिहिलेले पुढे आले की मात्र अजून अडखळतो, आणि त्यात त्याचा फारसा दोष नाही. पाच आडव्या रेघांच्या पाश्चात्त्य नोटेशनमधले साधे टिंब घ्या. स्वराच्या उजवीकडे दिले तर स्वर दीडपट लांबतो. डोक्यावर किंवा पायाशी दिले तर तोच स्वर तुटक वाजवायचा. छापखान्यात टिंब जागच्या जागी बसते. घाईत लिहिणारा ते वर-उजवीकडे कुठेतरी टेकवून पुढे सरकतो. व्हायोलिनवाला तरीही चुकत नाही. बारमधल्या, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या, मात्रांची बेरीज त्याच्या डोक्यात चालूच असते; टिंब लांबीचे धरले नाही तर चाराऐवजी साडेतीनच मात्रा भरतात, हे त्याला वाजवता वाजवता कळते. संगणकाला हा हिशेब वेगळा शिकवावा लागतो.

शिकवायचे तर नमुने हवेत. बार्सिलोनाच्या कॉम्प्युटर व्हिजन सेंटरने ५० जाणकारांकडून तीच २० पाने उतरवून घेतली. अशी हजार पाने जमली. गंमत म्हणजे मूळ हेतू होता हस्ताक्षरावरून लिहिणारा ओळखण्याचा आणि पानावरच्या पाच रेघा पुसून काढण्याचा! त्यातली १४० पाने पुढे प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी घेतली आणि त्यांवरच्या ९१ हजारांहून अधिक खुणा माणसांकडून एकेक करून नोंदवून घेतल्या: हा गोळा, ही त्याची दांडी, हे त्याचे टिंब. २०१७ मध्ये आलेला तो संच आज या विषयातल्या संशोधकांचा मोठा आधार आहे. पण ती पाने एकाच जातीच्या कागदावर, एकाच जातीच्या पेनाने, सवडीने बसून उतरवलेली.

आता मुंबईकडे या. हिंदी चित्रपटसंगीताच्या भरभराटीच्या काळात वादकांच्या स्टँडवर जे कागद असत, त्यांतले कितीतरी गोवेकरांच्या हातचे. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी अरेंजिंग केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. गोव्यात चर्चच्या शाळेतच नोटेशन गिरवलेली ही मंडळी संगीतकाराची चाल ऐकून व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट अशा प्रत्येकाचा पार्ट लिहून काढीत. रेकॉर्डिंग झाले की कागदाचे काम संपले. निर्मात्याला हवी होती टेप. ज्या धंद्यात अरेंजरचे नाव श्रेयनामावलीत ‘सहायक’ म्हणून आले तरी नशीब, तिथे त्याचे कागद कोण जपणार? बरेचसे रद्दीत गेले. म्हणून त्या गाण्यांचे इंटरल्यूड आज वाजवायचे तर वाद्यवृंदवाल्यांना रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकून कानानेच उतरवून घ्यावे लागतात.

आपल्या रागसंगीताचीही तीच कथा. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते आणि शिष्याने आखीव वहीत लिहिलेली ती रेघ वहीच्या रेघेत सहज मिसळते. गाणाऱ्याला राग ठाऊक असतो, म्हणून निभावते. अशा वह्या पेटीच्या खोक्यात पडून आहेत आणि कुणाच्याही संचात नाहीत.

परदेशी यंत्र आपले हस्ताक्षर वाचत नाही, ही तक्रार उद्या होणारच. पण त्याला दाखवायला आपल्यापाशी काय आहे? पणजीत कला अकादमी आहे, मुंबईत एनसीपीए आहे. दोन्हीकडे पाश्चात्त्य संगीत जाणणारी माणसे आहेत. त्यांनी वांद्र्याच्या आणि मडगावच्या, या गोवेकर मंडळींच्या घरांत जाऊन उरलेसुरले पार्ट मागावेत, स्कॅन करावेत आणि शेजारी त्या काळच्या एखाद्या वादकाला बसवून खोडलेला बार कोणता, पेन्सिलीने बदललेला शेवट कोणता, हे लिहून घ्यावे. स्कॅनर कधीही विकत मिळेल. ते वादक आता ऐंशीच्या घरात आहेत.